एकशे सत्तावन्न कोटींचा भाजक

१,५७,७९,१७,८२८ या संख्येला चारने भाग जातो. उरलेल्या ३९,४४,७९,४५७ ला मात्र तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांपैकी कुणाचाच पूर्ण भाग जात नाही. शाळेत गणित शिकवत होतो तेव्हा असला भाजक मी फळ्यावर कधी लिहिला नाही. वर्गाने संप केला असता. पण दापोली तालुक्यातल्या आमच्या घराकडे जोशीपण होतं, आणि त्या घरातल्या कित्येक पिढ्यांनी जो शिधा खाल्ला तो शेवटी या संख्येच्याच जिवावर. पाडव्याला संवत्सरफल वाचायचं, धोंडा कधी ते सांगायचं, ग्रहण किती घटिकांनी लागेल आणि कधी सुटेल ते सांगायचं. हे सगळं ज्या हिशेबातून निघतं, त्याच्या मुळाशी ही संख्या आहे.

सूर्यसिद्धान्ताच्या मते एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, सूर्य इतक्या वेळा उगवतो. या दिवसांना सावन दिवस म्हणतात. ग्रंथ श्लोकात असल्यामुळे आकडे शब्दांत लपवलेले आहेत. आठासाठी वसू, सातासाठी पर्वत, एकासाठी रूप, पंधरासाठी तिथी. एककापासून सुरुवात करून डावीकडे सरकत जायचं. पाठ करायला सोपं आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून बिघडायला अवघड. आकड्याचा फाटा इकडचा तिकडे झाला तर कळत नाही, पण वसूच्या जागी दुसरं काही आलं तर वृत्त मोडतं.

या संख्येकडे बघून भारावून जाणारे लोक मला भेटतात. आपल्या पूर्वजांना युगांचे दिवससुद्धा मोजता येत होते, असं ते म्हणतात. मोजले नव्हते हो. मोजायला कोण बसलं होतं? ४३,२०,००० ही संख्या माणसाने सोयीने निवडलेली आहे. तिचे अवयव पाडा: दोनाचा आठवा घात, तिनाचा तिसरा, पाचाचा चौथा. बस्स, दुसरं काही नाही. साठाने भागा, बाराने भागा, तीनशे साठाने भागा, ती निमूट भागली जाते. दिवसांची संख्या अशी निमूट नाही, कारण ती निरीक्षणातून आली आहे. वर्षाची लांबी त्या काळी दशांश चिन्हाने लिहीत नसत. दोन पूर्णांकांचं गुणोत्तर द्यायचं, म्हणजे अपूर्णांकाची कटकट नाही. वर्षाचे दिवस किती? १,५७,७९,१७,८२८ भागिले ४३,२०,०००. उत्तर येतं ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळं, ३१ विपळं आणि २४ प्रतिविपळं. त्यापुढे शून्य.

बाकीचे ग्रहही याच मापात बसवलेले आहेत. एका महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या, मंगळाच्या २२,९६,८३२, गुरूच्या ३,६४,२२०, शनीच्या १,४६,५६८. या फेऱ्यांना आमच्याकडे भगण म्हणतात. महायुग म्हणजे या सगळ्यांचा समान छेद. हे सगळे भगण चारने भागले जातात, बुधाचे आणि शुक्राचेसुद्धा, आणि दिवसांची संख्याही चारने भागली जाते. म्हणून खरं तर १०,८०,००० वर्षं पुरतात. तेवढ्यात सगळे मध्यम ग्रह पुन्हा मेषारंभी एकत्र येतात. त्याहून कमी वर्षांत नाही. ३९,४४,७९,४५७ ला दोन, तीन किंवा पाच यांपैकी कशानेच भाग जात नाही आणि १०,८०,००० मध्ये दोन, तीन, पाच यांखेरीज काही नाही, त्यामुळे अपूर्णांकाला आणखी संक्षेप नाही. मेष संक्रांत एकदा ठीक मध्यरात्री झाली की पुन्हा ठीक मध्यरात्री होण्यासाठी पुरती १०,८०,००० वर्षं थांबावं लागेल. आणि तोवर वार एकाने पुढे सरकलेला असेल, कारण सातने भागल्यावर बाकी एक उरते.

ही संख्या एकदा ठरली आणि कायम राहिली असंही नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात १,५७,७९,१७,५०० दिवस दिले आहेत. त्याचीच दुसरी एक पद्धत होती, तिच्यात १,५७,७९,१७,८००. एकाच माणसाने तीनशे दिवसांचा फरक का ठेवावा? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते निव्वळ भागाकाराचं आहे. पहिल्या पद्धतीत कलियुग शुक्रवारी सूर्योदयाला सुरू होतं, दुसरीत त्याआधीच्या मध्यरात्री. म्हणजे दुसरीची सुरुवात सहा तास आधी. आता कलीची ३६०० वर्षं संपली तो क्षण घ्या. तेव्हा आर्यभट स्वतः तेवीस वर्षांचा होता, असं तोच सांगतो. ४३,२०,००० मध्ये ३६०० बाराशे वेळा येतात. १,५७,७९,१७,५०० ला बाराशेने भागलं की १३,१४,९३१ दिवस आणि वर पाव दिवस. सूर्योदयापासून पाव दिवस म्हणजे माध्यान्ह. १,५७,७९,१७,८०० ला बाराशेने भागलं की तेवढेच दिवस आणि वर अर्धा दिवस. मध्यरात्रीपासून अर्धा दिवस म्हणजे पुन्हा माध्यान्हच. तीनशे भागिले बाराशे बरोबर पाव. म्हणजे आर्यभटाने आपल्या काळातला एक क्षण पक्का धरला, २१ मार्च ४९९, उज्जयिनीची दुपार, आणि तिथून मागे जात दोन्ही संख्या बेतल्या. कलियुगाच्या आरंभाकडे पाहायला तो गेला नव्हता. तो आपल्या दुपारी उभा राहून मागचा हिशेब लावत होता.

वराहमिहिराने पंचसिद्धान्तिकेत ज्या जुन्या सूर्यसिद्धान्ताचा सारांश दिला आहे त्यात १,८०,००० वर्षांचे ६,५७,४६,५७५ दिवस येतात. त्याला चोवीसने गुणा, पुन्हा तेच ...८००. पुढे कुणीतरी त्यात अठ्ठावीस दिवस मिळवले आणि आजच्या सूर्यसिद्धान्तातलं ...८२८ झालं. ४३ लाख वर्षांत अठ्ठावीस दिवस म्हणजे वर्षाला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. असा संस्कार करणाऱ्या माणसाचं नाव कुठे नाही. ब्रह्मगुप्ताने तर संख्या पार खाली आणली. त्याच्या कल्पाचे, म्हणजे हजार महायुगांचे, दिवस हजाराने भागले तर महायुगाला १,५७,७९,१६,४५० येतात. आपल्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत हेच मान चालवलं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची हकीकत आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. त्या मठात जे विद्यार्थी बसत असतील त्यांचा भाजक ...८२८ नव्हता, एवढं लक्षात ठेवावं. पंथ अनेक होते: सौर, आर्य, ब्राह्म. प्रत्येकाचा आकडा निराळा आणि प्रत्येकाचे अनुयायी कट्टर.

आता या संख्येची कसोटी लावू. चंद्राच्या फेऱ्यांतून सूर्याच्या फेऱ्या वजा केल्या की चांद्रमास मिळतात, ५,३४,३३,३३६. सौर महिने यातून वजा केले की उरतात ते अधिक मास, १५,९३,३३६. आमच्या गावातल्या जावयांच्या धोंड्याच्या वाणाचं मूळ इथे आहे. महिन्यांना तीसने गुणलं की तिथी १,६०,३०,००,०८०. त्यातून दिवस वजा केले की क्षयतिथी २,५०,८२,२५२. आणि दिवसांना महिन्यांनी भागलं तर एक चांद्रमास २९.५३०५८७९ दिवसांचा येतो. आजचं मान २९.५३०५८८९ आहे. फरक एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षाचं मान मात्र आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा साधारण साडेआठ पळांनी, म्हणजे तीन मिनिटं सत्तावीस सेकंदांनी, जास्त भरतं.

एकच संख्या महिना इतका नेमका देते आणि वर्षाला साडेतीन मिनिटांनी का चुकते? कारण महिन्याची परीक्षा आकाश स्वतः घेतं. ग्रहण चुकलं तर गावातलं पोरही जोशीबुवांना हसतं. शेकडो वर्षांच्या ग्रहणांमधलं अंतर मोजलं की महिन्याचं मान आपोआप घासून लख्ख होतं. सूर्य कोणत्या ताऱ्याशी आहे हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो उगवला की तारेच मावळतात. वर्षाचं मान म्हणून हजार वर्षं तसंच राहिलं. हजार वर्षांत चूक साठून अडीच दिवसांची सुद्धा झाली नाही. ज्याला लोक जाब विचारतात ते शास्त्र सुधारतं, हे मला या हिशेबात सगळ्यांत स्पष्ट दिसलं.

प्रत्यक्ष पंचांग करणाऱ्याला मात्र या संख्येने रडवलंच असतं. रीत त्रैराशिकाची. कलियुगारंभापासून आजवरचे दिवस काढायचे, त्याला अहर्गण म्हणतात. अहर्गणाला ग्रहाच्या भगणांनी गुणायचं आणि महायुगाच्या दिवसांनी भागायचं. शके १९४७ चा पाडवा, ३० मार्च २०२५, घ्या. त्या दिवशीचा कलि-अहर्गण १८,७२,२९९. चंद्रासाठी त्याला ५,७७,५३,३३६ ने गुणलं तर पंधरा आकडी गुणाकार येतो आणि मग दहा आकडी भाजक. सूर्यसिद्धान्तात सांगितल्याप्रमाणे सृष्टीच्या आरंभापासून दिवस धरले तर अहर्गणच बारा आकडी होतो आणि गुणाकार वीस आकडी. हे सगळं धूळपाटीवर, एकेक पायरी पुसत.

यातून महाराष्ट्रातल्या जोशांना सोडवलं ते कोकणातल्या एका माणसाने. गणेश दैवज्ञ, जंजिऱ्याजवळच्या समुद्रकाठच्या नांदगावचे. वडील केशव हेही मोठे ज्योतिषी, आकाश बघून जुन्या ग्रंथांची मानं तपासणारे. गणेशांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचलं. त्यात महायुग नाही, कल्प नाही, ज्याचापांची कोष्टकंसुद्धा नाहीत. त्यांनी अकरा वर्षांचं एक चक्र धरलं. अकरा वर्षांत चार अधिक मास धरून १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस ४०१६. पूर्ण झालेल्या चक्रांसाठी प्रत्येक ग्रहाचा एक ध्रुवक देऊन ठेवला, आरंभाचा एक क्षेपक दिला. जोशाने फक्त चालू चक्रातले दिवस मोजायचे. ते कधीही ४०१६ च्या फारसे पुढे जात नाहीत.

तोच पाडवा पुन्हा घ्या. १९४७ वजा १४४२ म्हणजे ५०५. अकराने भागलं की ४५ चक्रं आणि वर दहा वर्षं. अहर्गण येतो ३७२९. अठरा लाखांच्या जागी सदतीसशे! वाराचा ताळाही यातच आहे. ४०१६ ला सातने भागून बाकी पाच, म्हणून चक्रांची पाचपट करायची, २२५. त्यात ३७२९ मिळवून ३९५४. सातने भागून बाकी सहा. ग्रंथारंभ सोमवारचा, सोमवारपासून सहा पुढे गेलं की रविवार. ३० मार्चला रविवारच होता. अधिक मास आणि क्षयतिथी यांच्या गोळाबेरजेत अहर्गण कधी एकाने कमीजास्त येतो. तेव्हा वार पाहून एक मिळवायचा किंवा काढायचा. आमच्या आप्पाआजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, की असा एक मिळवला तर गणित खोटं नाही का होत? ते पाटीवरून मान न उचलता म्हणाले, "वार जुळला ना? मग पुढं चल."

गणेश दैवज्ञांची खरी हिंमत सोपेपणात नाही. त्यांनी कोणत्याही एका पंथाची निष्ठा पाळली नाही. एक ग्रह सौरपक्षातून घेतला, दुसरा आर्यपक्षातून, कुणाला काही अंश संस्कार दिला. ज्याचं गणित आकाशाशी जुळलं ते घेतलं. चंद्र सौरपक्षातला, पण नऊ कला कमी करून; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. नऊ कला म्हणजे तिथीच्या शेवटाला पाऊण घटीचा फरक. सूर्यसिद्धान्त साक्षात सूर्याने सांगितला अशी श्रद्धा असलेल्या काळात एक कोकणी जोशी म्हणतो, चंद्र तेवढा नऊ कलांनी मागे घ्या. आणि लोकांनी घेतला. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, सगळीकडे ग्रहलाघवी पंचांगं चालली. त्यांच्याच तिथिचिंतामणीची कोष्टकं हाताशी असली की वर्षाच्या तिथी-नक्षत्रांचं काम थोड्या दिवसांत उरकतं. आमच्या घरच्या पोथ्यांत तिथिचिंतामणीचीच पानं सर्वांत जास्त मळलेली, हळद-कुंकवाचे बोटांचे ठसे पडलेली आहेत. सूर्यसिद्धान्ताची पोथी मात्र कोरी करकरीत.

म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं ही दीडअब्जी संख्या महाराष्ट्रात राज्य करत होती, पण पडद्याआडून. जोशाला तिचं नाव पुसटसं ठाऊक असे, तिने भागण्याची वेळ त्याच्यावर येत नसे.

एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा पुढे आली, आणि तीही एका मिशनऱ्यामुळे. एबेनेझर बर्जेस नावाचे अमेरिकन पाद्री मराठी मुलखात काम करत होते. शाळांसाठी मराठीतून खगोलाचं पाठ्यपुस्तक करायला घेतलं तेव्हा इथलं ज्योतिष काय आहे हे समजून घ्यावं म्हणून ते सूर्यसिद्धान्ताकडे वळले. त्यांचं इंग्रजी भाषांतर १८६० साली अमेरिकेत छापून आलं, व्हिटनी या संस्कृत पंडिताच्या कसून केलेल्या टिपांसह. मराठी पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने हा ग्रंथ जगापुढे गेला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्याच वर्षी केरो लक्ष्मण छत्र्यांची ग्रहसाधनाची कोष्टकं निघाली, युरोपीय वेधांवर आधारलेली; त्यांतून पुढे पटवर्धनी पंचांग आलं आणि महाराष्ट्रात पंचांगाचे तट पडले. त्या भांडणात मी जात नाही. लोकमान्यांपासून व्यंकटेश बापूजी केतकरांपर्यंत मोठमोठी माणसं त्यात उतरली, परिषदा झाल्या, आणि तरीही आज टिळक पंचांगाचा गणेशोत्सव एखाद्या वर्षी इतरांपेक्षा महिनाभर वेगळा येतोच. या सगळ्या गोंधळात डोकं शांत ठेवून लिहिणारा माणूस म्हणजे मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. शाळामास्तर. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा. कोणत्या ग्रंथात महायुगाचे दिवस किती, वर्षमान किती, कुणाचं कुणाशी जुळतं, हे त्यांनी ताळा करून मांडून ठेवलं आहे. पुरती पंचेचाळीस वर्षंही नाहीत, एवढं आयुष्य. आमच्या तालुक्यातला हा माणूस ज्ञानपीठांच्या यादीत नाही म्हणून विस्मृतीत जावा, याचा मला राग येतो.

या संख्येचा सामान्य माणसाला दिसणारा परिणाम एकच: संक्रांत सरकते. ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं आणि या संख्येतून निघणारं ३६५.२५८८ चं. साठेक वर्षांत एक दिवस पडतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती चौदा-पंधराला येते. पानिपतावर आपल्यावर संक्रांत कोसळली असं म्हणतात ना, तर १४ जानेवारी १७६१ ला ती चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. याच भाजकाने मागे जाऊन पाहा, नऊ-दहा तारीख येते. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, तिळगूळ वाटून झालेला होता. १९५७ मध्ये सरकारने ऋतूंशी बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका काढली, ती आकाशवाणीवर ऐकू आली आणि राजपत्रावर छापली गेली. सणवारांना तिला कुणी विचारलं नाही.

महाराष्ट्रातल्या छापील पंचांगांतून ...८२८ आता गेल्यातच जमा आहे. ती दृक्-गणिताची, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळवलेल्या गणिताची, झाली. बंगालमध्ये गुप्ता प्रेसची पंजिका अजून सूर्यसिद्धान्त धरून चालते, आणि तिथे दुर्गापूजेच्या वेळा दोन पंजिकांत दोन निघतात. जुन्या संख्येला चिकटून राहणं हाच परंपरेचा मान, असं मला पटत नाही. आर्यभटाने बदलली, कुणा अनामिकाने अठ्ठावीस मिळवले, ब्रह्मगुप्ताने हजारावर दिवस कापले, गणेश दैवज्ञांनी तिला चक्रात कोंडून चंद्राच्या नऊ कला काढल्या. परंपरा बदलण्याचीच आहे.

जोशीपणाचा धंदा संपला तो छापील पंचांगांनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढलं तेव्हापासून हाताने लिहिलेल्या पंचांगाला गिऱ्हाईक उतरत गेलं. पण ती हस्तलिखितं घराघरांत पडून आहेत. कोकणात, देशावर, गोव्यात, जिथे जिथे जोशांची घरं होती तिथे. त्यांच्या समासांत अहर्गण, ध्रुवक, ग्रहणाचे प्रत्यक्ष पाहिलेले स्पर्श-मोक्ष, आणि कधी कधी त्या वर्षीच्या पावसाची, साथीची, भावांची नोंद असते. जुनी पोथी म्हणून लोक ती गणपतीबरोबर पाण्यात सोडतात. कृपा करून तसं करू नका. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे दाखवा. निदान समासातले आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मगच काय ते ठरवा.